व्हिएतनाम पाठपिशवीवर: हनोई ते सायगॉन, रेल्वेने, कमी पैशात

घाटवाट
व्हिएतनाम स्वस्त आहे असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, तरी आपल्याकडची माणसं आठ दिवसांत माणशी लाख-सव्वा लाख घालवून येतात. माझं म्हणणं असं की तिथे पैसा राहण्या-खाण्यात जातच नाही, तो जातो धावपळीत. हनोई, हालाँग, सापा, दा नांग, होई आन, सायगॉन (म्हणजेच हो ची मिन्ह सिटी) आणि वर फु क्वोक बेट असं सगळं एका आठवड्यात कोंबलं की तीन-चार अंतर्गत विमानं आली, प्रत्येक विमानाला बॅगेचे वेगळे पैसे आले, विमानतळावरून गावात यायचं-जायचं आलं आणि वेळ नाही म्हणून प्रत्येक ठिकाणी एजंटची डे-टूर आली. तेच तुम्ही अडीच-तीन आठवडे काढलेत, ठिकाणं पाच-सहाच ठेवलीत आणि रेल्वे धरलीत तर रोजचा खर्च इतका खाली येतो की दिवस दुप्पट होऊनही बजेट जवळपास तेवढंच राहतं.

देश आकाराने लांबुळका आहे हे एकदा लक्षात घेतलं की सगळं सोपं होतं. हनोईला उतरायचं, खाली खाली सरकत सायगॉनला यायचं आणि तिथून घरी, मागे यायचंच नाही. मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमान आहे त्यामुळे जायचं तिकीट एका गावाचं आणि यायचं दुसऱ्या गावाचं काढा. मधे १,७२६ किलोमीटरची रेल्वे, फ्रेंचांच्या काळात १९३६ ला पूर्ण झालेली, युद्धात तुटलेली आणि देश एक झाल्यावर १९७६ मध्ये परत जोडलेली. हीच आपली पाठीच्या कण्यासारखी लाइन.

माझा क्रम असा: हनोई तीन-चार दिवस, निन्ह बिन्ह दोन-तीन, मग रात्रीच्या गाडीने ह्युए, तिथून दिवसाच्या गाडीने दा नांग, होई आनमध्ये चांगले चार दिवस, आणि मग दक्षिण. निन्ह बिन्ह हनोईपासून शंभरेक किलोमीटरवर, तिथून परत हनोईला यायची गरज नाही, ह्युएची गाडी निन्ह बिन्ह स्टेशनवरच पकडायची.

डब्यांबद्दल सांगतो कारण सगळे विचारतात. 'हार्ड स्लीपर' म्हणजे बंद कंपार्टमेंटमध्ये सहा बर्थ, आपल्या थ्री टिअरसारखे तीन मजले, पातळ गादी असते. 'सॉफ्ट स्लीपर' चार बर्थचा. सगळ्यात वरचा बर्थ सगळ्यात स्वस्त, पण तिथे उठून बसता येत नाही, उंच माणसांनी खालचा घ्यावा. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि सगळा डबा रात्री तिथे नूडल्सचे कप घेऊन रांगेत उभा असतो. घरून नेलेली पोह्यांची, उपम्याची तयार पाकिटं तिथे उपयोगी पडतात, गरम पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, जेवण झालं.

आणि ह्युए ते दा नांग काहीही झालं तरी दिवसाच करायचं. शंभरेक किलोमीटरला गाडी अडीच-तीन तास घेते ते हाय वान घाटामुळे. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी मागून घ्या. लांग को गावाजवळ एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मग गाडी डोंगराच्या कडेला अशी चिकटते की वळणावर स्वतःचंच इंजिन खिडकीतून दिसतं आणि खाली जंगलातून मधेच एखादी रिकामी पुळण. आपल्या कोकण रेल्वेवर बोगदे खूप, इथे समुद्र खूप.

खर्चाचा अंदाज: एका रुपयाला ३०० डाँगच्या थोडं खाली असा भाव धरा, म्हणजे लाख डाँग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. डॉर्ममधला बेड दीड ते अडीच लाख डाँग, रस्त्यावरचं जेवण ४० ते ७० हजार, कॉफी २०-३० हजार. प्रवास, तिकिटं सगळं पकडून दिवसाला अडीच ते तीन हजार रुपयांत नीट होतं, पोटाला चिमटा न काढता. दोघं असाल तर डॉर्मपेक्षा होमस्टेची खोली स्वस्त पडते बऱ्याचदा, आधी तुलना करा.

व्हिसा: ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. पैसे परत मिळत नाहीत म्हणून पासपोर्टवर जसं नाव आहे तस्संच भरा, अक्षर इकडचं तिकडे नको. सर्च केलं की पहिल्या काही साइट खाजगी असतात आणि सरकारी असल्यासारख्या दिसतात, पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' आहे ना ते बघा. निदान दोन आठवडे हातात ठेवून भरा.

विचारा काय विचारायचं ते.

सोलकढी
मस्त लिहिलंय, वाचनखूण साठवली. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतोय, मुलांची शाळा असते ना. हाच क्रम चालेल का?

घाटवाट
सोलकढी ताई, दिवाळीत हा क्रम नका करू. आपली दिवाळी आणि त्यांच्या मधल्या पट्ट्याचा पावसाळा नेमके एकत्र येतात. ह्युए, दा नांग, होई आन इथे सप्टेंबर ते नोव्हेंबर वादळं आणि पूर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्युए आणि होई आन दोन्ही पाण्याखाली होती, होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून लोकांना होडीने काढत होते. दिवाळीत जायचंच तर उत्तरेला जा, तेव्हा तिकडे पाऊस ओसरलेला असतो आणि हवा छान असते.

संपूर्ण देश एका दमात करायचा तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल सर्वात बरं. त्यातही तेत म्हणजे त्यांचं नववर्ष टाळा, ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं, २०२७ ला ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो, गाड्यांना जागा नाही, खानावळी बंद. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ३० एप्रिल आणि १ मे हे दोन दिवस प्रवासात धरू नयेत, त्यांच्या जोडसुट्ट्या असतात. मेमध्ये उकाडा आपल्या मुंबईसारखाच, पण मधल्या पट्ट्यातला समुद्र तेव्हा शांत असतो हे खरं.

वरणभात
मुख्य प्रश्न. मी शाकाहारी, अंडंही नाही. सगळे सांगतात उपाशी मरशील.

तुळशीवृंदावन
वरणभात, मी उत्तर देते कारण मी पूर्ण शाकाहारी राहून फिरले आहे. उपाशी राहायचं काही कारण नाही, फक्त 'व्हेज' हा शब्द सोडून द्या. पाटीवर 'चाय' दिसलं पाहिजे, इंग्रजी सी, एच, ए, वाय. 'कॉम चाय' म्हणजे शाकाहारी भाताची खानावळ, जवळपास प्रत्येक गावात एखादी तरी असते. काचेमागे दहा-पंधरा पातेली, टोफू पाच प्रकारचा, केळफूल, फणसाची भाजी, पालेभाज्या, बोट दाखवायचं आणि भाताबरोबर ताट भरून घ्यायचं. बौद्ध परंपरेतलं जेवण आहे, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास म्हणजे त्यांच्या महिन्याच्या १ आणि १५ तारखेला खूप लोक त्या दिवशी मांसाहार करत नाहीत, तेव्हा नेहमीच्या ठेल्यांवरसुद्धा चाय मिळतं. आपण एकादशी पाळतो तसंच आहे ते आणि त्या बायका अगदी आपुलकीने वाढतात.

सांभाळायचं ते फिश सॉसला, नुओक माम म्हणतात. साध्या हॉटेलात भाजी मागवली तरी त्यात तो जातोच, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे. म्हणून मिश्र हॉटेलात 'मांस नको' सांगून भागत नाही, चाय असंच सांगायचं. फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा, उच्चारात ते लोक पटकन समजत नाहीत.

जैन मंडळींसाठी अजून एक, कडक चाय खानावळीत कांदा-लसूणही वापरत नाहीत. कंदमुळं मात्र असतात, गाजर वगैरे, ते विचारून घ्या.

वरणभात
ताई तुमचे उपकार. आई-बाबांना हा प्रतिसाद दाखवतो.

बुलेटवाला
रेल्वे वगैरे ठीक आहे हो पण व्हिएतनाम म्हणजे 'हा जियांग लूप', उत्तरेकडच्या डोंगरांतला बाइकचा फेरा. दोंग वानचं पठार, मा पी लेंग खिंड, खाली हिरवीगार न्यो क्वे नदी. ते सोडून निन्ह बिन्ह काय करता? बाइक भाड्याने घ्या, तीन-चार दिवस, आयुष्यात विसरणार नाही. आपल्याकडे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढलं की झालं काम.

घाटवाट
बुलेटवाला दादा, लूप सुंदर आहे याबद्दल वाद नाही, पण परमिटचं तसं नाही हो. व्हिएतनाममध्ये १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं परमिट चालतं, आणि आपल्या आरटीओची पुस्तिका १९४९ च्या करारावरची असते. दुकानदार गाडी देतो, तो काही विचारत नाही, पण पोलिसांनी अडवलं तर दंड, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले वैध लायसन्स नाही म्हणून क्लेम नाकारतात. तो घाट अंगावर येणारा आहे, समोरून ट्रक येतात. घरच्यांवर लाखोंचं बिल येऊ शकतं, त्यात काटकसर कसली.

यावर सरळ उपाय आहे. तिथे 'इझी रायडर' मिळतात, म्हणजे स्थानिक मुलगा गाडी चालवतो आणि तुम्ही मागे बसता. भाड्याच्या बाइकपेक्षा महाग पडतं, पण राहणं-जेवण धरून मिळतं आणि दरीकडे बघायला दोन्ही डोळे मोकळे राहतात. ज्याला लूप करायचा आहे त्याने हे करावं आणि त्या बदल्यात दक्षिणेतलं एखादं ठिकाण सोडावं.

बुलेटवाला
करारांचं हे मला माहीत नव्हतं. इन्शुरन्सचा मुद्दा पटला. मागे बसायला मन तयार होत नाही पण बघतो.

कोकणकडा
निन्ह बिन्हच्या बाजूने माझं एक मत. हालाँग उपसागरातल्या क्रूझला जे पैसे लागतात त्यात निन्ह बिन्हमध्ये तीन दिवस निघतात. त्रांग आनला होडीचं तिकीट अडीच लाख डाँगच्या आसपास, एका होडीत चौघं आणि वल्हवायला बहुतेक वेळा गावातलीच एखादी मावशी. तीनेक तास चुनखडीच्या डोंगरांमधून आणि डोंगरांच्या खालून नेतात, गुहेत छत इतकं खाली येतं की मांडीला कपाळ लावून बसावं लागतं, अंधारात फक्त वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज, आणि मग एकदम उजेडात चारी बाजूंनी उभे कडे. होडीत एक जास्तीचं वल्हं असतं, ते घ्या आणि मावशीला हात लावा, ती फार खूश होते. शेजारच्या ताम कॉकला पायाने वल्हवतात, तेही बघण्यासारखं, पण एकच करायचं तर त्रांग आन.

सायकल होमस्टेवाले बहुतेक फुकट देतात. भातशेतीतून चालवायला सपाट रस्ता आहे.

एकटी_भटकी
एकट्या मुलीसाठी कसं आहे? घरी पटवायचंय.

तुळशीवृंदावन
मी एकटीच होते. रात्री नऊ-दहाला हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये फिरताना मला कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही, फुटपाथवर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर आज्ज्या, पोरंबाळं सगळी बसलेली असतात. कुणी टक लावून बघत नाही, हा फरक आपल्याला पहिल्याच दिवशी कळतो. डॉर्म फक्त बायकांची मिळते, बुक करताना बघून घे. रेल्वेत मी वरचा बर्थ घेत होते.

काळजी घ्यायची ती फोनची, विशेषतः सायगॉनमध्ये. रस्त्याच्या कडेला उभं राहून मॅप बघत असलं की बाइकवरून येऊन फोन हिसकावतात. भिंतीकडे वळायचं, मॅप बघायचा, फोन आत टाकायचा. टॅक्सीसाठी ग्रॅब अॅपच वापर, भाडं आधीच दिसतं. आणि स्लीपर बस रात्रीची घेतलीस तर ती पहाटे चार वाजता गावाबाहेर सोडते कधीकधी, म्हणून पोचायची वेळ उजेडातली असेल अशीच बस घे.

हनोईत रस्ता ओलांडणं हा वेगळाच विषय. बाइकचा लोंढा थांबत नाही, एका वेगाने सरळ चालत राहायचं, मधे थबकायचं नाही, मागे फिरायचं तर मुळीच नाही. ते वळसा घालून जातात.

निवृत्त_मास्तर
घाटवाट, तुम्ही 'मी सन' या जुन्या देवळांच्या ठिकाणाचा उल्लेखच केला नाही. माझं वय ६६, मला फार चालवत नाही, पण तिथली शिवमंदिरं बघायची फार इच्छा आहे. आणि व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी युद्ध जिंकण्याचं श्रेय महाराजांना दिलं, असा मेसेज वर्षानुवर्षं येतो. तुम्ही पाहिलात का पुतळा?

घाटवाट
मास्तर, नमस्कार. आधी मेसेजचं सांगतो, त्या फॉरवर्डला कुठलाच पुरावा नाही, ना राष्ट्राध्यक्षांचं नाव असतं ना तारीख. महाराज मोठे आहेत, त्यांना अशा गोष्टीचा टेकू लागत नाही. आणि भारताशी खरं नातं बघायचं तर ते तुम्ही म्हणता तिथेच आहे.

मी सन होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर. चंपा म्हणजे तिथल्या चाम लोकांचं जुनं राज्य, त्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून तिथे शिवाची देवळं बांधली. पहिलं देऊळ भद्रवर्मा राजाचं, देवाचं नाव भद्रेश्वर. संस्कृत शिलालेख तिथे उभे आहेत. देवळं विटांची, आणि विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की सांध्यात चुना दिसत नाही. १९६९ मध्ये अमेरिकन बाँबफेकीत सर्वात मोठं शिखर पडलं, बाँबचे खड्डे देवळांच्या मधोमध अजून आहेत, गवत उगवलेले. ते बघून मी बराच वेळ तिथेच बसलो होतो. नंतर पोलंडचे वास्तुशास्त्रज्ञ काझिमिएझ क्वियातकोव्स्की यांनी ही देवळं सावरण्यासाठी अनेक वर्षं घालवली, आणि २०१७ पासून आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तीन समूहांचं काम केलं, त्यात २०२० ला नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मातीतून बाहेर आलं. त्या देवळासमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. १९९९ पासून जागतिक वारसा आहे.

तुमच्यासाठी सोय अशी की तिकीटघरापासून आतपर्यंत बॅटरीची गाडी नेते, तिकिटातच धरलेली असते. पुढे मात्र थोडं चालावं लागतं. सकाळी लवकर पोचा, दहानंतर ऊन आणि ग्रुप दोन्ही वाढतात. आधी दा नांगचं चाम संग्रहालय बघून जा, १९१९ पासूनचं आहे, मी सनच्या मूर्ती तिथेच आहेत, मग देवळात गेल्यावर कुठे काय होतं ते डोळ्यांपुढे येतं.

आणि एक ठिकाण जे फार कमी भारतीय बघतात. त्याच रेल्वेवर खाली फान रांगजवळ थाप चाम नावाचं स्टेशन आहे, स्टेशनच्या जवळच टेकडीवर पो क्लाँग गराईचं देऊळ. आत राजाचा चेहरा कोरलेलं मुखलिंग आहे आणि पूजा आजही होते, चाम हिंदू लोक त्या भागात राहतात. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा काते उत्सव असतो. मी सन हे अवशेष आहेत, हे जिवंत देऊळ आहे. मला स्वतःला संपूर्ण प्रवासात हे सर्वात मोलाचं वाटतं, तिथे थांबण्यासाठी गाडी एक रात्र मोडावी लागली तरी मोडा.

निवृत्त_मास्तर
हे थाप चाम लिहून घेतलं. मेसेज आता ग्रुपवर पुढे पाठवणार नाही.

हिशोबनीस
पैसे कसे न्यावेत? यूपीआय?

घाटवाट
यूपीआयवर विसंबून जाऊ नका. अधिकृत फॉरेक्सवाल्याकडून थोडे डॉलर घ्या, कोऱ्या करकरीत मोठ्या नोटा, घडी पडलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटेला तिथे भाव कमी देतात किंवा घेतच नाहीत. बाकी फॉरेक्स कार्ड आणि एटीएम. एटीएम दर वेळी फी कापतात आणि एका वेळची मर्यादाही कमी असते, त्यामुळे थोडे थोडे काढू नका.

नोटांबद्दल सगळ्यांनी लक्ष द्या. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा आणि ५ लाखाची आणि २० हजाराची दोन्ही निळसर. घाईत किंवा अंधारात एकीच्या जागी दुसरी जाते आणि हा हा म्हणता दीड हजार रुपयांच्या वर फटका बसतो. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. ओळखायला सोपं म्हणजे २० हजाराच्या मागे होई आनचा जपानी पूल आहे.

कोकणकडा
+१. ग्रॅबमध्ये रोख देताना सुटे जवळ ठेवा.

सोलकढी
मग आम्ही दिवाळीत उत्तरच करतो. नऊ दिवस आहेत, दोन मुलं, आठ आणि बारा. काय ठेवू, काय सोडू?

घाटवाट
हनोईतच येणं-जाणं ठेवा. हनोई तीन दिवस, त्यात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार येईल असं बघा, होआन किएम तळ्याभोवती तेव्हा गाड्या बंद असतात आणि रस्ताभर मुलं खेळत असतात. हो ची मिन्ह समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद आणि बाकी दिवशी सकाळीच, तेवढं जुळवा. मग निन्ह बिन्ह तीन दिवस. उरलेले कात बा बेटावर, तिथून लान हा उपसागरात दिवसाची होडी मिळते, डोंगर तेच हालाँगसारखे, रात्रीच्या क्रूझचे पैसे वाचतात. सापा सोडा, जाऊन-येऊन दोन दिवस बसमध्ये जातील आणि मुलं कंटाळतील.

मुलांना निन्ह बिन्हला जाताना बस नको, रेल्वेने न्या. दोन-अडीच तासांचा प्रवास आहे, साध्या सीटचं तिकीट घेतलंत तरी पुरे.